शृंखला आणि दोर : मराठी ख्रिस्ती परंपरेतील आशेचा विचार

१

नागपूरहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग भंडारा-गोंदियाचा तळ्यांचा मुलूख ओलांडतो, डोंगरगडच्या टेकड्यांतून वाट काढतो आणि छत्तीसगडच्या धानाच्या मैदानात उतरतो. राजनांदगाव, दुर्ग, भिलाई, रायपूर ही या मार्गावरची ओळीने येणारी स्थानके होत. आज भिलाई म्हटले की पोलादाचा कारखाना डोळ्यांपुढे येतो. १८९३ साली मात्र भिलाई हे आसपासच्या इतर खेड्यांसारखे एक खेडे होते, आणि दुर्ग हा स्वतंत्र जिल्हा होण्यास अजून तेरा वर्षे अवकाश होता. भोसल्यांच्या अमलापासून या भागात मराठी कुटुंबे वस्तीला होती. कचेऱ्यांतून, संस्थानी दरबारांतून आणि छापखान्यांतून मराठी माणूस कामाला होता. नोकरीच्या शोधात नागपूरहून राजनांदगावकडे जाणे ही त्या काळी सुशिक्षित मराठी तरुणाच्या दृष्टीने अपूर्वाई नव्हती.

त्याच वर्षी नारायण वामन टिळक या मार्गाने राजनांदगावला निघाले होते. त्यांच्या डब्यात एक पाश्चात्त्य गृहस्थ होते. काव्याच्या आणि धर्माच्या गप्पा झाल्या, आणि निरोप घेताना त्या गृहस्थांनी टिळकांना बायबलची प्रत देऊन ती रोज वाचण्याचे वचन घेतले. दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्यांनी केल्याचे सांगितले जाते. हे प्रवासी म्हणजे फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड, ही ओळख पुष्कळ काळाने पटली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ही घटना बहुधा धर्मांतराची कथा म्हणून सांगितली जाते. पण तिच्याकडे आणखी एका दृष्टीने पाहता येते. एका जुन्या शब्दाचा अर्थ मराठीत कसा पालटला, त्याचा तो एक टप्पा आहे. तो शब्द म्हणजे ‘आशा’.

२

संस्कृत सुभाषितकारांनी आशेकडे फारशा आदराने पाहिलेले नाही. आशा ही एक विलक्षण शृंखला आहे. तिने बांधलेला माणूस धावत सुटतो आणि तिच्यातून सुटलेला पांगळ्यासारखा स्वस्थ बसतो, अशा आशयाचे सुभाषित प्रसिद्धच आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या स्तोत्रांतूनही जराजर्जर देहाला न सोडणारी आशा ही उपहासाचा विषय होते. मराठी संतांनीही हा धागा पुढे चालवला. आशा, तृष्णा, ममता यांची नावे त्यांच्या वाणीत एकत्र येतात आणि साधकाने त्यांच्यापासून दूर राहावे असा उपदेश येतो. मात्र संतांनी त्याच शब्दाचे देशी रूप निराळ्या कामी लावले. पंढरीची ‘आस’ ही त्याज्य नाही. ती भक्ताचे सर्वस्व आहे. विषयांची आशा बांधणारी, विठ्ठलाची आस सोडवणारी, असा भेद मराठी मनात फार पूर्वीच रुजलेला होता. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये पडलेल्या भीषण दुष्काळात तुकारामांचे घर उद्ध्वस्त झाले, पत्नी आणि मूल गेले, व्यापार बुडाला. त्या अनुभवानंतर त्यांच्या वाणीतून जो भरवसा प्रकट झाला, तो सुखवस्तू माणसाचा आशावाद नव्हता.

बायबलमधील आशेचे मूळ याहून वेगळ्या भूमीत आहे. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत आशेसाठी जो प्रमुख शब्द येतो, तो ‘तिक्वा’. याच शब्दाचा दुसरा अर्थ दोर किंवा धागा असा आहे. यहोशवाच्या पुस्तकात यरीहो नगरीतील राहाब नावाची गणिका हेरांना आपल्या घरात लपवते आणि पुढे आपले घर ओळखू यावे म्हणून खिडकीला किरमिजी दोर बांधते. त्या दोरासाठी मूळ भाषेत हाच शब्द वापरलेला आहे. संस्कृत सुभाषितातही आशा बांधते, हिब्रू कथेतही बांधते. पण पहिली बेडी आहे आणि दुसरी पडत्या माणसाने धरायची दोरी आहे. नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे. मराठीत नांगर हा शब्द जहाजाच्या लोखंडी आकड्यालाही लागतो आणि शेतकऱ्याच्या औतालाही. समुद्र न पाहिलेल्या देशावरच्या श्रोत्याला या शब्दातून जमीन उकरणारे अवजारच आधी दिसले असेल, तर त्यात भाषेची चूक म्हणता येणार नाही. छत्तीसगडीतही औताला नांगरच म्हणतात.

ही आशा सुखाच्या दिवसांत जन्मलेली नाही, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोनी सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले आणि तेथील लोकांना परदेशी नेले. विलापगीत हे पुस्तक त्या विध्वंसाचे आहे. त्याच्या पाच अध्यायांपैकी तिसऱ्याच्या मध्यावर आशेचा स्वर क्षणभर उमटतो, पण ग्रंथाचा शेवट त्या स्वराने होत नाही. देवाने आपल्याला कायमचे टाकले काय, या शंकेवरच तो थांबतो. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे आक्रोशाची आहेत, आणि अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा शेवट तर अंधार या शब्दाशीच होतो. ईयोब देवाशी भांडतो. त्याच्या मित्रांनी केलेला सोयीस्कर उपदेश शेवटी देवच फेटाळून लावतो. यिर्मया संदेष्टा नगराला वेढा पडलेला असताना, तुरुंगाच्या चौकात बसून, शत्रूच्या ताब्यात जाऊ घातलेल्या गावी एक शेत विकत घेतो, साक्षीदारांसमक्ष खरेदीखत करतो आणि ते मातीच्या भांड्यात जपून ठेवायला सांगतो. निर्वासितांना तो पत्र पाठवतो, त्यातही लवकर सुटकेचे आश्वासन नाही. घरे बांधा, बागा लावा, जिथे आहात त्या नगराचे कल्याण चिंता, असे तो सांगतो. उद्या सारे ठीक होईल या भाकितापेक्षा आज काय करावे याचा निर्णय, असे या आशेचे स्वरूप आहे.

३

हा विचार मराठीत प्रथम गोव्यात आला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथात येणाऱ्या तारकाची वाट पाहणाऱ्या जुन्या करारातील पिढ्यांची कथा पुराणाच्या घाटात बसवलेली आहे. पुढे सेरामपूर येथे विल्यम केरी आणि त्यांचे सहकारी पंडित यांनी १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान व १८११ मध्ये संपूर्ण नवा करार मराठीत आणला. परंतु ग्रंथ भाषांतरित होणे आणि त्यातील शब्दांत जीव येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट घडायला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध यावा लागला. बाबा पदमनजी यांचा बाप्तिस्मा १८५४ साली झाला आणि तीनच वर्षांनी त्यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. विधवांच्या दुःस्थितीचे चित्रण करणाऱ्या या पुस्तकात निराशा हा समाजरचनेचा परिणाम आहे, दैवाचा नव्हे, ही जाणीव स्पष्ट आहे.

टिळकांची निराशा वेगळ्या जातीची होती. त्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. कीर्तन, शीघ्रकवित्व, वक्तृत्व या साऱ्या गुणांनी युक्त असा हा पुरुष एका गावी, एका कामात टिकत नसे. नागपुरात बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांच्या व्यासंगात काही काळ घालवला आणि ‘ऋषि’ हे नियतकालिक चालवले. बालमृत्यूंचे दुःखही या घराने पाहिले होते. पण त्यांना पोखरणारी मुख्य चिंता देशाची होती. जातिभेदाने विस्कटलेला हा समाज पुन्हा एक कसा होईल, त्यासाठी कोणत्या प्रकारचा धर्म हवा, याची तत्त्वेही त्यांनी स्वतःशी मांडून पाहिली होती. राजनांदगावात दिल्या वचनाप्रमाणे बायबल उघडले तेव्हा आरंभीच्या भागांनी त्यांचे समाधान झाले नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर मात्र ते थांबले. आत्म्याने दीन असलेले, शोक करणारे, नीतिमत्त्वाची भूक लागलेले, अशा लोकांना जेथे धन्य म्हटले आहे, तेथे त्यांना आपल्या प्रश्नाचे उत्तर दिसले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते पुढे सांगत. संतांची आस आणि बायबलमधील आशा यांचा सांधा त्यांच्या काव्यात जुळला, त्याचे कारण हेच होय. ‘अभंगांजली’ आणि त्यांची भजने आजही मराठी ख्रिस्ती उपासनेत गायिली जातात.

४

पण टिळकांना लाभलेल्या या आशेची किंमत दुसऱ्याच व्यक्तीला चुकवावी लागली. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. त्यात धर्मांतराची वार्ता आल्यानंतरच्या दिवसांचे वर्णन आहे. नवरा जिवंत असून नाही, लहान मूल पदरात, नातेवाइकांची घरे हाच आश्रय, सोवळेओवळे हाच धीर, अशी सुमारे साडेचार-पाच वर्षे त्यांनी काढली. ज्या ग्रंथाने पतीला प्रकाश दाखवला, त्याच ग्रंथाने पत्नीचे घर मोडले होते. ख्रिस्ती चरित्रकार हा भाग कधी कधी घाईने ओलांडतात आणि टीकाकार तेवढ्यावरच थांबतात. लक्ष्मीबाई दोन्ही करीत नाहीत. त्या आपल्या हालांचे भांडवल करीत नाहीत, पतीच्या विक्षिप्तपणावर हसतात, स्वतःवर त्याहून अधिक हसतात, आणि तरीही त्या काळातील वेदना लपवीत नाहीत.

त्या पतीकडे परतल्या त्या ब्राह्मण म्हणूनच. अहमदनगरला आणि नंतर राहुरीला त्यांनी आपला वेगळा आचार सांभाळला. त्यांचे मतांतर एखाद्या प्रवचनाने झाले नाही. माणूस देवाने निर्माण केला हे खरे, पण जात कोणी निर्माण केली, हा साधा प्रश्न त्यांना पडला. आणि उत्तर सापडताच शिवाशिवीचे सारे ओझे त्यांनी एका क्षणी खाली ठेवले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच सुमाराच्या दुष्काळात आणि प्लेगच्या वर्षांत टिळकांच्या घरात परक्यांची मुले आपली म्हणून वाढली. स्वतः निराधारपण भोगलेल्या स्त्रीने निराधारांना आधार द्यावा, यातली संगती त्यांनी शब्दांनी सांगितलेली नाही. वाचकाला ती आपोआप कळते. टिळकांचे ९ मे १९१९ रोजी निधन झाले. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेण्याचे काम जेमतेम शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि त्याचा बहुतांश भाग लिहिला. १९३६ साली त्याही गेल्या. ग्रंथ १९३८ मध्ये बाहेर आला. आपण पुरे करू शकू याची खात्री नसलेले काम हाती घेणे, हे यिर्मयाने खरेदीखत करण्यासारखेच होते.

५

पंडिता रमाबाईंचा मार्ग दुष्काळातून दुष्काळाकडे गेलेला दिसतो. पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरणारे हे कुटुंब १८७० नंतरच्या दशकात उपासमारीत सापडले. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई, मोठी बहीण पाठोपाठ गेली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास पायी हजारो मैल चालले. १८७८ साली कलकत्त्याने या तरुणीला पंडिता आणि सरस्वती या पदव्यांनी गौरवले, परंतु ज्या शास्त्रांसाठी हा गौरव झाला, त्या शास्त्रांत स्त्रीला आणि शूद्राला आशेचे स्थान कोठे आहे, हा प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही. भाऊ १८८० मध्ये वारला, पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ मध्ये. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले.

१८९६-९७ चा दुष्काळ आला तेव्हा त्यांना स्वतःच्या तारुण्यातील उपासमार आठवली. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि दुष्काळछावण्यांतून, रस्त्यांवरून मुलींना घेऊन आल्या. सुमारे तीनशे मुलींची जबाबदारी घेण्याचा त्यांचा निश्चय होता, तोही पुरेसा साधनसंचय हाती नसताना. पुण्याजवळच्या केडगावचे मुक्तिसदन अशा रीतीने उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विहिरी, विणकाम, छापखाना, अंधांसाठी शिक्षण, अशी ती एक स्वतंत्र वसाहतच झाली.

आयुष्याच्या शेवटच्या दीड-दोन दशकांत रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. प्रचलित भाषांतरांतील अनेक संस्कृत शब्दांना जुन्या दर्शनांचा गंध आहे आणि खेड्यातल्या बाईला ते कळत नाहीत, असे त्यांचे मत होते. संस्कृतची एवढी मोठी विदुषी संस्कृत शब्द टाळू पाहते, हा मराठी भाषांतराच्या इतिहासातील एक अर्थपूर्ण विरोधाभास आहे. आशेला शृंखला मानणारी परंपरा त्यांनी बालपणी मुखोद्गत केली होती, आणि आशेला दोर म्हणणारी भाषा त्या उतारवयात शिकत होत्या. दोन्ही भाषांतून हा शब्द मुळातून वाचू शकणारी त्या काळची दुसरी मराठी व्यक्ती सहज आठवत नाही. भाषांतराचे खिळे जुळवण्याचे आणि छपाईचे काम मुक्तिसदनातील स्त्रियांनी केले. जुलै १९२१ मध्ये कन्या मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी स्वतः रमाबाई गेल्या. छापील बायबल १९२४ साली पूर्ण झाले. मुद्रितशोधन हातावेगळे करण्यापुरते आयुष्य त्यांनी देवाकडे मागितले होते, अशी आठवण मुक्तिसदनात सांगितली जाते.

६

ज्या मध्य प्रांतातून रमाबाईंनी मुली आणल्या, त्याचाच छत्तीसगड हा भाग. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी हा मुलूख इतका पिळून काढला की १८९१ ते १९०१ या दशकात मध्य प्रांताची लोकसंख्या सुमारे आठ टक्क्यांनी घटली. रायपूरच्या उत्तरेस बिश्रामपूर येथे जर्मन-अमेरिकन मिशनरी ऑस्कर लोर यांनी १८६८ पासूनच सतनामी लोकांत काम आरंभले होते. गुरू घासीदासांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मूर्तिपूजा आणि जातिभेद यांच्याविरुद्ध जो सतनामी पंथ उभा केला, त्याने या समाजाला स्वाभिमानाची भाषा आधीच दिलेली होती. सारा समाज ख्रिस्ती होईल ही लोर यांची अपेक्षा फळाला आली नाही. १८९९ साली धमतरीला अमेरिकन मेनोनाइट मिशन आले, १९०२ साली चांप्याला पी. ए. पेनर यांनी कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान काढले. अनाथालये, शाळा आणि दवाखाने ही या काळाची ठळक चिन्हे होत.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाला एक अवघड प्रश्न टाळता येत नाही. भुकेल्या माणसापुढे धान्य आणि धर्मग्रंथ एकाच हाताने ठेवले, तर त्याने स्वीकारलेली आशा कितपत त्याची स्वतःची म्हणावी? हा प्रश्न महात्मा गांधींनी विचारला, आणि मध्य प्रदेश शासनाने १९५४ साली नेमलेल्या भवानीशंकर नियोगी समितीनेही विचारला. १९५६ साली नागपूरला प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालाने मिशनांच्या कामावर कठोर ताशेरे ओढले. १९६८ चा मध्य प्रदेशचा धर्मस्वातंत्र्य कायदा त्याच वादाच्या मालिकेत येतो. ख्रिस्ती पक्षाने समितीच्या कार्यपद्धतीवर आणि निष्कर्षांवर तितकेच तीव्र आक्षेप घेतले. या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले, पण दुष्काळातून वाचलेल्या मुलाचा किंवा मुलीचा स्वतःचा आवाज त्यात क्वचितच ऐकू येतो. पोटासाठी कोणी धर्म घेतला असेल, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र केवळ पोटासाठी घेतलेली गोष्ट दुष्काळ ओसरल्यावर सहसा टिकत नाही. बिश्रामपूर, धमतरी, चांपा येथील मंडळ्या शंभराहून अधिक वर्षे टिकल्या, याचे स्पष्टीकरण एकट्या धान्याच्या हिशेबाने पुरते होत नाही. रमाबाईंच्या बाबतीत तर हा प्रश्न उलट्या दिशेने विचारावा लागतो. भुकेने त्यांना जुन्या श्रद्धेपासून तोडले खरे, परंतु नवी श्रद्धा त्यांनी पोट भरल्यानंतर, दीर्घ वादविवाद करून, आपल्या इंग्रज गुरूंशीही भांडून स्वीकारली.

याच लोहमार्गाच्या नागपूर या टोकाला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आणखी एक उत्तर दिले गेले, तेही येथे नोंदले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ख्रिस्ती धर्माचाही त्यांनी विचार केला होता, आणि भारतीय ख्रिस्ती समाजात जातिभेद उरला आहे ही त्यांची टीका टिळकांनाही अमान्य झाली नसती. आकाशातील पित्यावर भिस्त न ठेवता स्वतःच दीप व्हा, ही बुद्धाची शिकवण निराशेवरचे निराळे औषध होते. विदर्भातून राजनांदगाव-भिलाईकडे कामासाठी गेलेल्या अनेक मराठी कुटुंबांनी हेच औषध सोबत नेले. निराशेतून बाहेर पडण्याचा बायबल हा एकच रस्ता, असा दावा इतिहास करू देत नाही.

७

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. धानाच्या शेतांच्या जागी सेक्टर उठले. केरळ, आंध्र, बंगाल, पंजाब, महाराष्ट्र येथून माणसे आली, आपापल्या भाषा, देव आणि प्रार्थना घेऊन आली. नव्या भारताची आशा यंत्राच्या रूपाने येथे साकार होत होती. पण त्या आशेच्या काठावर कंत्राटी मजुरांचा एक मोठा वर्ग होता. दल्ली-राजहराच्या खाणींतून या भट्ट्यांना लागणारे लोहखनिज तोच वर्ग काढीत असे. शंकर गुहा नियोगी यांनी १९७७ पासून त्यांना संघटित केले. वर उल्लेखिलेल्या समितीशी त्यांचा नामसादृश्यापलीकडे संबंध नाही. त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या गोळीबारात अकरा कामगार मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ मजुरांनी आपल्या वर्गणीने आणि श्रमाने रुग्णालय बांधले. १९८३ साली ते शहीद अस्पताल या नावाने सुरू झाले. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत झोपेत असताना नियोगींची हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी भिलाई पॉवर हाउस स्थानकाजवळ रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार होऊन पंधराहून अधिक जण ठार झाले. नव्याण्णव वर्षांपूर्वी टिळकांची गाडी राजनांदगावी पोहोचली, ते रूळ पुढे इथपर्यंत येतात.

या लढ्याची भाषा बायबलची नव्हती. मार्क्सवादी विचार आणि १८५७ साली रायपूरला फाशी गेलेल्या वीर नारायणसिंह यांची स्मृती, हे तिचे आधार होते. त्या लढ्याला ख्रिस्ती म्हणणे हा इतिहासाचा अपलाप ठरेल. तरीही घाटाचे साम्य नजरेआड करता येत नाही. संघर्ष आणि निर्माण हे दोन शब्द त्या चळवळीने नेहमी जोडीने उच्चारले. मृतांच्या स्मरणासाठी नुसता स्तंभ न उभारता दवाखाना बांधावा, दारू सोडावी, शाळा काढाव्यात, हा निर्णय वेढ्यात असताना शेत विकत घेण्याच्या जातीचा आहे. बाबिलोनच्या निर्वासितांना घरे बांधा, बागा लावा असे सांगणारा संदेष्टा या मजुरांना परका वाटला नसता. आशेचा असा घाट कोणत्याही एका धर्मग्रंथाच्या मालकीचा नाही. पण बायबलने तो ठसठशीतपणे नोंदवून ठेवला, आणि टिळक, लक्ष्मीबाई, रमाबाई यांनी तो मराठीत आणला, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

८

या तिघांच्या चरित्रांतून आणि लेखनातून आशेचे जे रूप दिसते, त्याचे काही विशेष सांगता येतील. पहिला असा की, ते दुःखाला नाकारीत नाही. विलापाला धर्मग्रंथात स्थान आहे म्हणून रडणे हा अश्रद्धेचा पुरावा ठरत नाही; लक्ष्मीबाईंचे गद्य इतके प्रांजळ होऊ शकले, त्यामागे ही मोकळीक असावी. दुसरा असा की, ही आशा एकट्याच्या मुक्तीपाशी थांबत नाही. टिळकांना समाज जोडायचा होता, रमाबाईंना मुलींना जगवायचे होते, लक्ष्मीबाईंना परक्या लेकरांना जेवू घालायचे होते. तिसरा विशेष अधिक महत्त्वाचा. ही आशा निर्दोष नव्हती. तिने घरे मोडली, आप्त दुरावले, आणि भुकेच्या काळात तिच्या वाटपाभोवती सत्तेचा प्रश्न उभा राहिला. ज्यांनी ती स्वीकारली त्यांनीच हे सर्वाधिक प्रामाणिकपणे लिहून ठेवले, म्हणून त्यांच्या लेखनावर विश्वास बसतो.

मराठी भाषेच्या दृष्टीने पाहिले तर शृंखला म्हणून आलेल्या एका शब्दाला या मंडळींनी दोराचा अर्थ जोडून दिला. जुना अर्थ त्यामुळे नाहीसा झाला नाही, आणि होऊही नये. सावकाराच्या, पुढाऱ्याच्या किंवा उपदेशकाच्या खोट्या आश्वासनामागे धावणाऱ्या माणसाला शृंखलेची आठवण हवीच. परंतु सारे तुटल्यावर हाताला लागेल असे काही आहे काय, असे विचारणाऱ्या माणसाला ते सुभाषित पुरत नाही. त्याच्यासाठी मराठीत आता दुसराही अर्थ उपलब्ध आहे. राजनांदगावच्या वाचनात, राहुरीच्या घरात आणि केडगावच्या छापखान्यात तो घडत गेला, आणि तो घडवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्याची किंमत आधी स्वतः मोजली होती.